एएमव्हीसाठी फुटेज निवडताना

एएमव्ही, म्हणजे ॲनिमेतील (जपानी ॲनिमेशनमधील) दृश्ये गाण्यावर जुळवून केलेला व्हिडिओ, करायला बसलेला माणूस आधी गाणे निवडतो, मग ॲनिमे ठरवतो आणि त्यानंतर हाताशी असलेली फाइल थेट टाइमलाइनवर टाकतो. या तिसऱ्या पायरीवर थांबून विचार करायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण पाहायला चांगले वाटणारे फुटेज संपादनासाठीही चांगले असेलच असे नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून जाते. संपादक मात्र तीच फ्रेम थांबवतो, मोठी करतो, तिचा वेग निम्म्यावर आणतो, पात्राभोवती मास्क काढतो (म्हणजे ते पार्श्वभूमीपासून वेगळे करतो), रंग बदलतो, आणि अशा प्रत्येक बदलाबरोबर चित्रात दडलेला दोष अधिकाधिक उघडा पडतो.

फाइलच्या नावातील १०८०पी हा आकडा चित्राचा आकार सांगतो, दर्जा नव्हे. १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र स्ट्रीमिंगवर बहुधा सेकंदाला काही मेगाबिटांत बसवलेले असते, तर ब्ल्यू-रे डिस्कवर त्याच आकाराच्या चित्राला ४० मेगाबिटांपर्यंत जागा मिळू शकते. स्थिर, उजेडातल्या संवादाच्या प्रसंगात हा फरक फारसा जाणवत नाही. पाऊस, ठिणग्या, धूर, वेगवान झुंज किंवा अंधारी खोली आली की तो लगेच दिसतो, आणि एएमव्हीमध्ये आपण नेमके हेच प्रसंग वेचून घेत असतो.

संध्याकाळच्या आकाशाचे एक दृश्य डोळ्यांसमोर आणा, ज्यात वरचा गडद निळा रंग क्षितिजाकडे हळूहळू नारिंगी होत जातो. ८ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगघटकाला जास्तीत जास्त २५६ पातळ्या मिळतात आणि कॉम्प्रेशन करताना त्यांतल्या जवळजवळच्या पातळ्या एकत्र केल्या गेल्या की आकाशात पट्टे पडतात. मूळ प्रसंगात ते पुसट असल्यामुळे खपून जातात. पण संपादनात कॉन्ट्रास्ट वाढवला किंवा ग्लो (चमक) दिला की प्रत्येक पट्ट्याला स्पष्ट कड येते. हे पट्टे मिटवणारा डिबँडिंगचा फिल्टर लावता येतो, मात्र तो जोरात लावला तर पार्श्वभूमीतील ढगांच्या आणि डोंगरांच्या बारीक रेषाही पुसल्या जातात. म्हणून मूळ फुटेजमध्येच हा दोष कमी असणे केव्हाही चांगले.

ॲनिमे कोणत्या काळातले आहे हेही पाहावे लागते. सेलवर (पारदर्शक शीटवर) रंगवलेली जुनी ॲनिमे १६ किंवा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत, त्यामुळे ती फिल्म नव्याने स्कॅन केली की खराखुरा तपशील हाती येतो आणि त्यासोबत येणारा ग्रेन (फिल्मचा कणीदारपणा) हा दोष मानून काढून टाकू नये. २००० सालाच्या आसपास संगणकावर रंगवण्याची पद्धत रुळली तेव्हा अनेक टीव्ही मालिका स्टँडर्ड डेफिनिशनमध्येच (कमी रिझोल्यूशनमध्ये) तयार झाल्या. त्यांच्या ब्ल्यू-रेवर असते ते तेच चित्र, फक्त मोठे केलेले. हे काम निगुतीने झालेले असेल तर ते जरूर वापरावे. पण शार्पनिंगचा अतिरेक झाला असेल तर काळ्या बाह्यरेषेलगत पांढरी कड उमटते आणि मास्क काढताना ती पात्रासोबत नव्या पार्श्वभूमीवर येते. अशा वेळी जुनी डीव्हीडी अधिक उपयोगी पडू शकते.

डीव्हीडीची मात्र स्वतःची डोकेदुखी असते. ७२० × ४८० च्या एनटीएससी (जपान-अमेरिकेतील टीव्ही पद्धतीच्या) डिस्कवर सेकंदाला सुमारे २४ फ्रेमचे ॲनिमेशन ३० फ्रेममध्ये बसवलेले असते आणि त्यासाठी नेहमीच्या पद्धतीत दर ५ फ्रेमपैकी २ फ्रेम दोन वेगवेगळ्या चित्रांच्या फील्डपासून (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांपासून) जोडलेल्या असतात. थांबवून पाहिल्यास त्यांत कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. त्यावर सरसकट डीइंटरलेस (प्रत्येक फ्रेममधील अशा रेषा मिटवण्याची प्रक्रिया) करू नये. इन्व्हर्स टेलिसिनी करून, म्हणजे ही जोडणी उलटी सोडवून, मूळ २४ फ्रेम परत मिळवाव्यात. एनटीएससीवरून पाल या दुसऱ्या टीव्ही पद्धतीत आणलेल्या काही डिस्कवर तर शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या पुन्हा नीट वेगळ्या करणे फार अवघड जाते. ठेक्यावर कट बसवताना पुढच्या दृश्याची सावली आधीच्या फ्रेममध्ये दिसली की सारा परिणाम बिघडतो.

टीव्हीवरील प्रक्षेपणाबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागातील लाल-निळ्या लुकलुकत्या प्रकाशामुळे जपानमध्ये सहाशेहून अधिक जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर प्रक्षेपणाचे नियम कडक झाले आणि झगमगाटाचे प्रसंग टीव्हीवर मंद करून दाखवले जाऊ लागले. हे नियम योग्यच आहेत. पण त्यामुळे स्फोटाच्या किंवा जादूच्या प्रसंगात प्रक्षेपणातील चित्र अचानक काळवंडते आणि लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळतात. डिस्कच्या आवृत्तीत बहुधा हे नसते. शिवाय चित्रावर कायमची उमटलेली सबटायटल्स किंवा वाहिनीचा लोगो नसतो, आणि पुष्कळदा श्रेयनामावलीशिवायचे ओपनिंगही (भागाच्या सुरुवातीचे शीर्षकगीत) वेगळे दिलेले असते. मालिकेतले सर्वांत देखणे ॲनिमेशन अनेकदा ओपनिंगमध्येच असते, म्हणून केवळ त्यासाठीसुद्धा डिस्क विकत घेणे मला योग्य वाटते.

निवड करताना एक अंधारे दृश्य, एक वेगवान दृश्य आणि एक सपाट रंगाचे दृश्य घ्यावे, उपलब्ध आवृत्त्यांतील त्याच फ्रेम शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दुप्पट मोठ्या करून पाहाव्यात. निवडलेली आवृत्ती प्रोरेससारख्या संपादनयोग्य कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत) बदलून घेतली की टाइमलाइनवर फ्रेम अचूक सापडतात. अनेक ॲनिमे एकत्र करायची असतील तर सर्वांचा फ्रेमरेट आधी एकसारखा करावा, आणि एखादे ॲनिमे केवळ व्हीएचएस टेपवरच मिळत असेल तर ते टाळू नये. त्याचे ४:३ चे गुणोत्तर तसेच ठेवावे, झूम आणि मास्क यांचा मोह आवरावा आणि कट तेवढे ठेक्यावर नेमके बसवावेत.