होमलॅब नोंद: दोन फायरवॉल, दोन ब्रिज

घरच्या प्रयोगाची मांडणी अशी आहे. 'अ' आणि 'ब' अशी दोन ऑफिसं, दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीची मुक्त लिनक्स सिस्टिम) राउटर हाच फायरवॉल, मध्ये 10 एमबीपीएसची लाइन आणि नेटेम या लिनक्सच्या साधनाने मुद्दाम घातलेला 40 मिलिसेकंदांचा उशीर. जित्सी या मुक्त व्हिडिओ-मीटिंग सॉफ्टवेअरवर दोन्हीकडच्या 4-4 जणांची मीटिंग.

व्हिडिओब्रिज (सगळ्यांचं चित्र आणि आवाज घेऊन बाकीच्यांना वाटणारा सर्व्हर) फक्त 'अ'कडे होता तोवर गणित जमणं शक्यच नव्हतं. 'ब'मधल्या चौघांना प्रत्येकी 7 चेहरे हवेत, म्हणजे लाइनवरून 28 प्रवाह. प्रत्येक चित्र कमी-मध्यम-जास्त अशा दर्जाच्या थरांत जातं; त्यातल्या मधल्या थराचे 500 केबीपीएस धरले तरी 14 एमबीपीएस होतात. गंमत म्हणजे 'ब'मधले दोघं शेजारी बसले तरी एकमेकांचा चेहरा 'अ'ला जाऊन परत येणार! मग ब्रिज बिचारा सगळ्यांना 180पीवर (सर्वांत खालच्या दर्जावर) आणतो आणि चेहरे धुरकट होतात.

आता 'ब'कडेही ब्रिज बसवला. कोणाला कुठला ब्रिज द्यायचा हे ठरवणाऱ्या जिकोफोत रीजननुसार (ऑफिसनुसार) ब्रिज निवडायला सांगितलं, क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये यूजररीजन दिला. 'अ'चे 4 प्रवाह लाइन एकदाच ओलांडतात, पुढचं वाटप 'ब'चा ब्रिज करतो. त्याच मधल्या थराच्या हिशोबाने 14चे 2 एमबीपीएस झाले. फायरवॉलचंही काम हलकं झालं: दोन ब्रिजच्या आयपींमध्ये यूडीपी 10000 आणि रिलेच्या (दोन ब्रिजमधल्या देवाणघेवाणीच्या) वेबसॉकेटसाठी एक टीसीपी पोर्ट, दोन ऑफिसांमध्ये चित्र-आवाजाला बाकी दार बंद. दोघांच्याच कॉलमध्ये क्लायंट थेट एकमेकांना गाठायला बघतात, म्हणून ही थेट जोडणी (पीटूपी) बंद ठेवलीय.

हा रिले वायरगार्ड या व्हीपीएनमधून न्यायचा मोह झाला होता, पण नको. आयपीव्ही4वर प्रत्येक पॅकेटला 60 बाइट जादा लागतात. ओपस या आवाजाच्या कोडेकची सेकंदाला 50 पॅकेटं धरली तर एका आवाजामागे 24 केबीपीएस नुसतं वेष्टन! शिवाय आतली डीएससीपी खूण (पॅकेटचं प्राधान्य सांगणारी) बाहेरच्या पॅकेटवर उतरत नाही, त्यामुळे वॅनवरच्या (बाहेरच्या लाइनवरच्या) केकला, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, सगळं सारखंच दिसतं. चित्र-आवाज ज्यातून जातो ते एसआरटीपी मुळात एन्क्रिप्टेड असतंच.

केक दोन्हीकडे डिफसर्व्ह4मध्ये (खुणेनुसार चार प्राधान्य-गटांत), 9 एमबीपीएसवर. लाइनपेक्षा थोडं कमी ठेवलं की रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते. ब्राउझर खूण लावेल या भरवशावर न राहता एनएफटेबल्समध्ये (फायरवॉलच्या नियमांत) 10000 पोर्टवर एएफ41 ही व्हिडिओची खूण लावली. एक खुपतंय: आवाज आणि चित्र एकाच पोर्टवरून जातात, त्यामुळे आवाजाला ईएफ ही वरच्या प्राधान्याची खूण वेगळी देता येत नाही. पुढे पॅकेटच्या लांबीवरून नियम लिहून बघणार आहे. आवाजाची पॅकेटं बहुधा 200 बाइटच्या आतच असतात.

कोटर्न या मध्यस्थ सर्व्हरवरून टीएलएस 443 (टीसीपीवरची वाट) ठेवलंय, पण ज्यांच्या नेटवर्कवर यूडीपी अडवलेलं असतं अशा पाहुण्यांपुरतंच. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की मागची सगळी ताटकळतात.