ग्राफिक्स कार्ड शोधता शोधता

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम होती ८ जीबी. डॉकरचे दोन कंटेनर (कामाचे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय), कोड लिहायचा व्हीएस कोड आणि ब्राउझरचे वीसेक टॅब एवढं उघडलं की पंखा घरघरायला लागायचा आणि माउसचा बाण जागीच थिजायचा. रात्री तासभर खेळायचं तर आधी हे सगळं आवरून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा मांडायचं. कंटाळून शेवटी नवा घ्यायचं ठरवलं.

पहिला आठवडा निव्वळ ग्राफिक्स कार्डांच्या मागे गेला. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० की ४०६०, एवढाच प्रश्न डोक्यात. मग कळलं की लॅपटॉपमध्ये ४०६० या नावाला फारसा अर्थ नाही. तेच कार्ड कुणी ३५ वॅटवर चालवतं, कुणी ११५ वॅटवर. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये गर्मी बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून कार्डाला वीजच कमी देतात. अशा उपाशी ४०६० ला पूर्ण वॅटवरचा ४०५० मागे टाकू शकतो. आणि हा वॅटचा आकडा जाहिरातीत क्वचितच ठळक दिसतो. उत्पादकाच्या तपशीलपत्रकात अगदी खाली, बारीक अक्षरांत शोधावा लागतो. माझ्या यादीतली तीन मॉडेल्स इथेच गळाली.

यादी दाखवायला गेले तेव्हा कामावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, पण तू खेळतेस काय आणि किती, ते आधी लिही बघू." लिहिलं. आठवड्याला चार-पाच तास खेळ, पन्नासेक तास काम. खेळ कोणते? व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि एक जुनी रेसिंग गेम. यातलं काहीही मोठं कार्ड मागत नाही. मी चार तासांसाठी पन्नास तासांचं ओझं पाठीवर घेणार होते. ओझं खरोखरचं: जाडजूड लॅपटॉप, विटेएवढा चार्जर आणि जेमतेम टिकणारी बॅटरी.

मग शोधाची दिशाच बदलली. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरेल का, हे पाहायला लागले. एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएस प्रोसेसरमधलं रेडिऑन ७८०एम माझ्या खेळांना पुरून उरेल असं दिसलं. इथेही नावांचा चकवा आहेच. ७८४०यू आणि ७७३०यू दोन्ही "रायझन ७", दोन्हींच्या सुरुवातीला ७, म्हणजे भावंडंच वाटतात. पण या मालिकेत बघायचा तो तिसरा आकडा: ४ म्हणजे झेन ४ ही पिढी, ३ म्हणजे जुनं झेन ३. ग्राफिक्सही त्याच हिशेबाने जुनं.

वेगळं कार्ड टाळायचं दुसरं कारण लिनक्सचं. माझं काम उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर चालतं, पण व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि विंडोज ११ वर त्याला सिक्युअर बूट (सुरू होताना सही केलेलं सॉफ्टवेअरच चालू देणारी सेटिंग) सुरू लागतं. म्हणजे दोन्ही सिस्टिम हव्यात आणि सिक्युअर बूट बंद करायची सोय नाही. सिस्टिम सुरू करणारा उबुंटूचा बूटलोडर सही केलेला असतो, त्यामुळे तो अडत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो आणि त्याच्या सहीची भानगड मागे लागू शकते. जुन्या मशीनवर त्यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच येतो.

स्क्रीनबद्दल मी हट्टी आहे. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० घेतला, कारण उंचीच्या १२० पिक्सेलमध्ये कोडच्या सहा ओळी जास्त मावतात. रंगांच्या व्याप्तीपुढे "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं दिसलं की पुढे वाचलंच नाही. असल्या पॅनेलवर रंग धुतल्यासारखे दिसतात. नंबरपॅडवालेही बाद, कारण त्यात अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि दिवसभर तिरकं बसावं लागतं. साठवणुकीची एसएसडी १ टीबी. दोन सिस्टिम आणि गेम्स म्हटल्यावर त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

रॅमवर सगळ्यात जास्त लक्ष दिलं आणि फसले तिथेच. मदरबोर्डवर झाळलेली रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून विकणाऱ्याला खोदून खोदून विचारलं: "स्लॉट आहेत ना? दोन ना?" होते. पण १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या की १६ ची एकच, हे विचारायचं राहिलं. घरी आल्यावर व्हॅलोरंट सुरू केला तर गर्दीच्या क्षणी अडखळायला लागला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं: २ पैकी १ स्लॉट वापरात. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. एकाच पट्टीवर ती वाट निम्मी अरुंद होते.

त्याच जातीची, त्याच वेगाची १६ जीबीची दुसरी पट्टी मागवली. मागचं झाकण उघडताना प्लॅस्टिकच्या खाचा कटकट वाजल्या तेव्हा जीव वर आला, बाकी काम दहा मिनिटांचं. गेमचं अडखळणं गेलं. माइनक्राफ्टचा सर्व्हर मी आता उबुंटूवर डॉकरमध्येच चालवते. काल रात्री तासभर माइनक्राफ्ट खेळल्यावर लक्षात आलं, कामाचे दोन्ही कंटेनरही मागे चालूच राहिले होते.