महिन्याला शंभर ओळी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत पकडल्या गेलेल्या ब्रिटिश वैमानिकाने घरी धाडलेलं पत्र पाहिलं की आपल्याला आपलं अंतर्देशीय आठवतं. एकच कागद, घड्या घालून बंद करायचा. पाकीट नाही, तिकीटही नाही. वर छापलेलं ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’, म्हणजे युद्धकैद्यांचं टपाल, आणि सोबत ‘गेब्युरेनफ्राय’, म्हणजे शुल्क माफ. ही माफी जर्मनांची मेहेरबानी नव्हती. 1929 च्या जिनिव्हा कराराच्या 38 व्या कलमानुसार कैद्यांची पत्रं पाठवणाऱ्या, घेणाऱ्या आणि मधल्या, अशा सगळ्याच देशांत फुकट जायची.

आत साधारण चोवीस आखलेल्या ओळी. पोस्टकार्डावर सात. ओळींवरच आणि स्वच्छ अक्षरात लिहा, अशी सूचना कार्डावरच छापलेली. झागान (आजचं पोलंडमधलं झगान) इथल्या श्टालाग लुफ्ट 3 या छावणीत अधिकाऱ्याला महिन्याला तीन पत्रं आणि चार कार्डं मिळत. हिशेब करा: बहात्तर अधिक अठ्ठावीस, म्हणजे महिन्याला शंभर ओळी. त्यात आई, बायको, भाऊ, जमलं तर वाङ्‌निश्चय झालेली मुलगी. हुद्द्याने खालच्यांना दोनच पत्रं, म्हणजे शहात्तर ओळी. ‘पत्र इतकं कोरडं का?’ असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो, त्याचं निम्मं उत्तर या बेरजेत आहे.

उरलेलं निम्मं सेन्सॉरच्या शिक्क्यात. छावणीतून निघताना ‘गेप्र्युफ्ट’, म्हणजे तपासलं, आणि तपासनिसाचा क्रमांक. ब्रिटनमध्ये पुन्हा तपासणी. हवाई दलाच्या इतर छावण्यांना जाणारं टपालही तपासणीसाठी झागानमार्गे फिरवलं जाई. म्हणून संग्राहकांची एक नेहमीची चूक होते: पाकिटावर लुफ्ट 3 दिसलं की माणूस झागानला होता असं धरून चालतात, आणि तो निघतो बाल्टिक किनाऱ्यावरच्या बार्टला. घराकडून आलेल्या पाकिटावर पूर्ण पत्ता वाचावा, कैद्याच्या पत्रावर पाठवणाऱ्याचा रकाना. नाव, कैदी क्रमांक, छावणी या तीन गोष्टी तिथे सापडतात. शिक्का फक्त वाट सांगतो.

पुढच्या काळातल्या बऱ्याच फॉर्मांचा कागद गुळगुळीत, लेप दिलेला असतो. अदृश्य शाईने त्यावर काही लिहायला गेलं तर डाग उमटावा, हा त्यामागचा हेतू.

पहिलं कार्ड मात्र या सगळ्याच्या आधीचं. करारानुसार छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी खुशालीचं कार्ड पाठवू द्यायचं होतं. घरी तोवर फक्त ‘बेपत्ता’ अशी तार आलेली. नेमकी हीच घालमेल फ्रांकफुर्टजवळच्या ओबरउर्सेलला, डुलाग लुफ्ट या चौकशी केंद्रात, हत्यार म्हणून वापरली जाई. एकांत कोठडीतल्या माणसासमोर रेड क्रॉसचा म्हणून एक फॉर्म ठेवायचे. आधी नाव, हुद्दा, क्रमांक. मग हळूच स्क्वाड्रन, तळ, विमान. ‘भरून दे, घरच्यांना लवकर कळेल.’ खऱ्या नोंदीला पहिल्या तीन गोष्टी पुरत. शहाणा माणूस तेवढंच भरून बाकीचं कोरं ठेवी.

आता घरची बाजू. साध्या टपालाला पैसे नाहीत. विमानाने जावं असं वाटलं तर 1941 पासून तीन पेन्सचं खास हवाई पत्र. वाट लिस्बनवरून, कारण पोर्तुगाल तटस्थ. मजकूर आटोपशीर, मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, सैन्य-कारखाने-राजकारण यांचा शब्दही नाही. घरगुती फोटो चालत, पण मागे लष्करी उपयोगाचं काही दिसता कामा नये.

पत्राला कधी तीन आठवडे लागत, कधी तीन-चार महिने. आणि क्रमाने येत नसत. जूनमधलं आधी, एप्रिलमधलं मागाहून. म्हणून जाणती घरं प्रत्येक पत्रावर क्रमांक घालत आणि सुरुवातीलाच लिहीत: तुझी 11, 12 आणि 14 मिळाली, 13 नाही. आपल्या ‘पत्रास कारण की’च्या जागी हा जमाखर्च. पाव ओळ जाते, पण त्यावाचून कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठलं हे कोणालाच कळत नाही. ‘हो, तसंच कर’ असं वाक्य येतं, तोवर ‘तसं’ म्हणजे काय होतं ते विचारणारा विसरलेला असतो. दोघंही एकमेकांच्या दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या रूपाशी बोलत असतात.

पार्सलांचा हिशेब याहून अवघड. जवळच्या नातेवाइकाला तीन महिन्यांतून एकदा लेबल मिळे आणि त्यावर दहा पौंडांचं एक पार्सल जाई: कपडे, साबण, चॉकलेट. पुस्तकं आणि सिगारेटी परवाना असलेल्या दुकानांमार्फतच. ऑक्टोबरात कैद्याने लोकरी मोजे मागितले असं धरा. पत्राला दोन महिने, पुढच्या लेबलाची वाट, मग पार्सलाचा प्रवास. मोजे पोचतात ते वसंतात. म्हणून सरावलेला कैदी थंडीचं सामान उन्हाळ्यात मागे. अशी ‘मोजे, ब्लेड, पेन्सिली’वाली पत्रं लोक कंटाळून बाजूला ठेवतात. माझ्या मते खरा मजकूर तिथेच असतो: तब्येत कशी आहे, थंडी किती, रेड क्रॉसची पार्सलं येतायत की थांबलीत, हे सगळं मागण्यांवरून वाचता येतं.

काही पत्रांत मात्र वेगळंच असे. कैद्यांना पळायला मदत करणाऱ्या एमआय 9 या ब्रिटिश गुप्त खात्याने निवडक वैमानिकांना सांकेतिक लिपी शिकवून ठेवली होती. तारीख कशा पद्धतीने लिहिली आहे यावरून पत्रात निरोप आहे हे कळे. सुरुवातीच्या शब्दांवरून लिपीचा कोणता भाग वापरला ते. बाकी पत्र गप्पांचं. पण शब्द मोजूनमापून बसवावे लागल्याने वाक्यं अवघडल्यासारखी होत, आणि घरच्यांना वाटे, पोराचं काहीतरी बिनसलंय. उलट्या दिशेने नकाशे आणि होकायंत्रं खेळाच्या सामानात दडवून, काल्पनिक संस्थांच्या नावाने जात. रेड क्रॉसच्या पार्सलांना या कामात हात लावायचा नाही हा नियम होता. ते उघडकीला आलं असतं तर सगळ्या छावण्यांचं अन्न बंद पडलं असतं.

24 मार्च 1944 च्या रात्री झागानहून 76 जण भुयारातून पळाले. त्यांतल्या 50 जणांना पकडून गोळ्या घातल्या. ब्रिटिश संसदेत ही बातमी मे महिन्यात आली. टपालाचा वेग लक्षात घेतला तर फेब्रुवारी-मार्चमधली पत्रं काही घरी त्या बातमीच्या आसपासच पडली असणार. म्हणून त्या वर्षीच्या पत्रावर मिळाल्याची तारीख पेन्सिलीने टिपलेली असेल, तर ती लिहिल्याच्या तारखेइतकीच मोलाची. खोडू नका.

1949 च्या करारात नियम आणखी नेमके झाले: महिन्याला किमान दोन पत्रं, चार कार्डं. जोडलेल्या नमुन्यात पत्राचा आकार 29 गुणिले 15 सेंटिमीटर, मजकूर सुमारे 250 शब्द. 1971 च्या युद्धात पाकिस्तानात पकडलेले दिलीप परुळकर आणि इतर भारतीय वैमानिक युद्धकैदी होते ते याच कराराखाली. ते 1 डिसेंबर 1972 ला परत आले. तेव्हाची पत्रं मराठी घरांत असतील, तर हाताळताना एवढं करा: सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. पेन्सिलीचा मजकूर घडीवर घासला जातो, म्हणून उघडून सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदात. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, शिक्क्यांसकट. मग दोन याद्या: एक लिहिल्याच्या तारखेने, दुसरी मिळाल्याच्या. गहाळ क्रमांकांची जागा कोरी सोडा.

जर्मनीतल्या पत्रांच्या यादीत 1945 च्या जानेवारीनंतर अशा कोऱ्या जागा फार दिसतात. 27 तारखेच्या रात्री झागानची छावणी बर्फातून पायी पश्चिमेकडे हलवली, आणि घरून निघालेलं टपाल मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहिलं.