पॅड गार

मज्जारज्जूला मार दिलेल्या उंदरांपैकी पेंटोबार्बिटल हे भुलीचं औषध दिलेले चालायला लागले होते. डौलात नाही, पण मागच्या पायांवर अंगाचा भार तोलत होते. नुसतं आयसोफ्लुरेन, म्हणजे हुंगवायची भूल, दिलेले अजून पाय फरफटत फिरत होते. सरांनी त्याच संध्याकाळी आलेखाला मथळाही देऊन टाकला.

पटण्यासारखं होतंच. मार लागल्यावर मज्जारज्जूत ग्लुटामेट या चेतापेशींना चेतवणाऱ्या रसायनाचा पूर येतो आणि धडधाकट पेशीही त्यात जातात. पेंटोबार्बिटलसारखं बार्बिट्युरेट गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवून चेतापेशींना गप्प करतं, त्यांची प्राणवायूची भूक कमी करतं.

माझं काम मात्र उंदरांना मुतवायचं. हसू येतं लोकांना. मज्जारज्जू दुखावलेल्या उंदराला लघवी होत नाही. उंदीर डाव्या तळव्यावर घ्यायचा, ओटीपोटावर अंगठ्याने चाचपायचं. तुंबलेलं मूत्राशय टपोऱ्या द्राक्षासारखं हाताला लागतं. ते हलकेच दाबत शेपटीकडे न्यायचं. जोर झाला तर फुटतं, थोडं राहिलं तर संसर्ग. दिवसातून दोन-तीनदा, रविवारीसुद्धा. माझ्या हातून एकही दगावला नाही. पेपरात या कामाला एक ओळ मिळते.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची वही चाळत होते. मज्जारज्जूवर सोडलेला १० ग्रॅमचा दांडा, २५ मिलिमीटरवरून, सगळीकडे तेच. एका पानाच्या समासात माझ्याच अक्षरात, पेन्सिलने: ‘३३.९. पॅड गार.’ उंदराचं तापमान, आणि त्याच्याखालचा ऊब देणारा पॅड.

आयसोफ्लुरेनचा उंदीर मास्क काढला की काही मिनिटांत उठतो. पेंटोबार्बिटलचा तासन्‌तास निपचित पडतो, आणि अशा उंदराला स्वतःची ऊब राखता येत नाही. गारवा तर स्वतःच चेतापेशींना वाचवतो. १९९० मध्ये एमके-८०१ या औषधाचं हेच बिंग फुटलं होतं: जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांचा मेंदू वाचवला होता तो उतरलेल्या तापमानाने. आमच्यातल्या प्रत्येकाने हे परीक्षेत लिहिलेलं आहे.

‘‘एकाचंच लिहिलंयस. बाकीच्यांचं?’’ सरांनी विचारलं.

बाकीच्यांचं नव्हतंच. तक्त्यात तापमानाचा रकानाच नव्हता. शिवाय चालीला गुण देणाऱ्या आमच्या पोस्टडॉकला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे तोंडपाठ होतं, ते वेगळंच.

सगळं पुन्हा केलं. प्रत्येकाला गुदद्वारातून तापमान मोजणारा प्रोब, दोन्ही गट ३७ अंशांवर, पिंजऱ्यांवर नुसते आकडे. चालीच्या २१ गुणांच्या मोजपट्टीवर दोन्ही गट शेजारी शेजारी येऊन बसले. मथळा गेला. सर चिडले नाहीत, नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले.

वहीत पेनानेच लिहायचं, असा लॅबचा नियम आहे. आणि पॅड चालू करायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं.