नागपूरहून क्रूझला जाताय? मग आदली रात्र मुंबईत काढा, अन् तीही फोर्टातच

आई अन् मावशीला घेऊन मुंबई-गोवा क्रूझ करून आले आणि तेव्हापासून ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी एकच विचारलंय, जहाज कसं होतं. जहाज छानच होतं, पण आपल्या नागपूरकरांसाठी खरा प्रश्न जहाजाचा नाहीच, खरा प्रश्न आहे जहाजाच्या आधीच्या मुंबईचा, म्हणजे कधी पोचायचं, कुठे राहायचं, सामान कुठे ठेवायचं आणि म्हाताऱ्या माणसांना न दमवता धक्क्यापर्यंत कसं न्यायचं. त्यामुळे हे सगळं त्याबद्दलच लिहितेय, जहाजावरचं अगदी थोडक्यात.

सगळ्यात आधी, त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरून दुपारी जहाजात चढायचा प्लॅन करू नका. आपल्याकडून दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसने निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि बोर्डिंग दुपारी, कागदावर हे एकदम मस्त जमतं. पण मधे ८३७ किलोमीटर आहेत, वाटेत इगतपुरीचा घाट आहे, कसारा-कल्याणनंतर सकाळच्या लोकलची गर्दी आहे, धुकं आहे, ब्लॉक आहेत. गाडी चार तास लेट झाली तर दुसऱ्या कुठल्या ट्रिपला आपण फोन करून सांगतो की बाबा येऊन राहिलो थांबा जरा, जहाजाला तसं सांगता येत नाही, बोर्डिंगची वेळ संपली की गेट बंद आणि पैसेही बहुतेक गेले. विमानाचंही तेच, सकाळची फ्लाइट रद्द झाली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. मावशी तिकीट काढताना म्हणालीच होती, "काहून बाई इतक्या आधी जाऊन राहिलो आपण, हॉटेलचे पैसे उगाच." मी तिला म्हटलं मावशी, क्रूझच्या पैशांपुढे एका रात्रीचं भाडं काहीच नाही गं. आणि शेवटी तिलाच ती मुंबईतली संध्याकाळ सगळ्यात जास्त आवडली.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत, त्यामुळे क्रूझ आधी बुक होते आणि ट्रेन नंतर, हे डोक्यात ठेवा आणि साठाव्या दिवशी सकाळी आठला बसाच. दिवाळी, ख्रिसमसच्या आसपास तर अजिबात उशीर नको. वयस्कर कोणी असेल तर खालचा बर्थ मिळाला का तेही पाहा. तत्काळच्या भरवशावर क्रूझ ठेवू नका, आणि त्यालाही आता आधार लागतं. कारने जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे, जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झालाय आणि भिवंडीजवळ आमण्यापर्यंत सरळ जाता येतं, पण माझं मत विचाराल तर क्रूझसाठी कार नकोच. भिवंडीपासून पुढे फोर्टपर्यंतचा ट्रॅफिक वेगळा आणि तीन-चार दिवस दक्षिण मुंबईत गाडी ठेवायची कुठे हा त्याहून मोठा प्रश्न.

आता राहायचं कुठे. बऱ्याच जणांचा हात आपोआप अंधेरी किंवा दादरकडे जातो, अंधेरी एअरपोर्टजवळ म्हणून आणि दादर आपल्या माणसांचं म्हणून. दादर मलाही आवडतं पण या कामासाठी दोन्ही नकोत. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, म्हणजे सीएसएमटीपासून एक-दीड किलोमीटर. तुम्ही फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा फार तर कुलाब्यात राहिलात तर बोर्डिंगच्या दिवशी टॅक्सीत दहा-पंधरा मिनिटं बसायचंय, बस. अंधेरीहून त्याच दिवशी निघालात तर तास-दीड तास हातात धरा आणि वर धाकधूक. कुलाब्यात गेटवेच्या मागच्या गल्ल्यांमधे सगळ्या बजेटची हॉटेलं आहेत, पण रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. फोर्टातली जरा साधी, पण ऑफिसांचा भाग असल्याने संध्याकाळी सातनंतर एकदम शांत होतो आणि आईसारख्या लवकर झोपणाऱ्यांना ते बरं पडतं.

फोर्टात हॉटेल घेताना एक गोष्ट फोन करून विचाराच, फोटो पाहून ठरवू नका. तिकडच्या कितीतरी इमारती शंभर वर्षांच्या आहेत, हॉटेल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतं, आणि लिफ्ट असली तरी ती रस्त्यापासून सुरू होते की आठ-दहा पायऱ्या चढून मग, हे साइटवर लिहिलेलं नसतं. आईच्या गुडघ्यांसाठी मी चार ठिकाणी हाच प्रश्न विचारला आणि दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मॅडम लाकडी जिना आहे. मग जिथे लिफ्ट थेट खालून होती ते घेतलं, खोली लहान होती, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, पण बाथरूम स्वच्छ आणि पाणी गरम. दुसरं विचारायचं म्हणजे चेक-आउटची वेळ काय आणि नंतर दोन-तीन तास बॅगा खाली ठेवतील का. कारण चेक-आउट बहुतेक सकाळी दहा-अकराला आणि बोर्डिंग दुपारी, मधल्या वेळेत बॅगा घेऊन फिरायचं कुठे. आणि तुम्ही पहाटे पोचणार असाल तर लवकर चेक-इनचंही तेव्हाच बोलून घ्या, नाहीतर दुपारी बारापर्यंत लॉबीत बसावं लागतं. ज्यांना फक्त अंघोळ आणि पाठ टेकण्यापुरतं हवंय त्यांच्यासाठी सीएसएमटी स्टेशनातच स्लीपिंग पॉड आहेत आणि क्लोकरूमही आहे, क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं, बिनकुलपाची घेत नाहीत.

ट्रेनने येणाऱ्यांनी दादरला उतरायची घाई करू नका, शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीला लांबच्या गाड्या शेवटच्या बाजूच्या प्लॅटफॉर्मना लागतात आणि तिथून पी. डिमेलो रोडकडे बाहेर पडता येतं, ती बाजू आपल्या कामाची, कारण धक्का त्याच अंगाला. पुढच्या भव्य इमारतीकडे सामान घेऊन जायची गरज नाही, ती नंतर निवांत बघा. आणि आपल्याला ऑटोची सवय, तर लक्षात ठेवा की दक्षिण मुंबईत ऑटो चालतच नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी किंवा ॲपवाली. जवळचं भाडं म्हणून एखादा टॅक्सीवाला नाही म्हणतो, तर पुढच्याला विचारा, मीटरने येणारे मिळतात. विमानाने येत असाल तर मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, विमानतळाच्या टी१ आणि टी२ दोन्ही टर्मिनलना तिची स्टेशनं आहेत आणि सीएसएमटीलाही, त्यामुळे हलकं सामान असेल तर ट्रॅफिकचा प्रश्नच मिटला. मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर मात्र सरळ टॅक्सी. तिकीट काढताना विमान मुंबईत उतरतंय की नवी मुंबईत तेही नीट वाचा, आता दोन्ही विमानतळ चालू आहेत आणि नवी मुंबईहून अटल सेतूने यावं लागतं, म्हणजे टॅक्सीचा खर्च वेगळा.

पोचल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे दोघींना खोलीत झोपवलं. रात्रभर ट्रेनमधे कोणाचीच धड झोप होत नाही आणि आपल्या कोरड्या हवेतून एकदम त्या दमट हवेत गेलं की माणूस नुसतं बसूनही घामाघूम होतो. नागपूरचा ४५चा उन्हाळा सहन करणारी माझी मावशी मुंबईच्या ३२मधे म्हणाली, "बाप्पा, हे तर अंगाला चिकटूनच राहिलं." भरपूर पाणी, सुती कपडे, आणि दुपारी बाहेर पडायचं नाही, एवढं केलं की निभतं.

जेवणाचं सांगायचं तर सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला, पुरीभाजी स्वस्त आणि गरम, टेबलासाठी थोडं थांबावं लागतं. स्टेशनसमोरच आरामचा वडापाव. आणि बॅलार्ड इस्टेटमधे ब्रिटानिया आहे, १९२३ पासूनचं इराणी-पारशी, तिथला बेरी पुलाव खायचा तर दुपारीच जा. मावशी शाकाहारी आहे, तिने व्हेज बेरी पुलाव घेतला आणि त्यातल्या त्या आंबट लाल बेऱ्या एकेक करून बाजूला काढून शेवटी खाल्ल्या. मासे खाणाऱ्यांना तर फोर्टात चैनच आहे. फक्त आदल्या रात्री फार तिखट-तेलकट नको, सावजीची जीभ असली तरी, कारण दुसऱ्या दिवशी पाण्यावर पोट हलकं असलेलं बरं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही बॅलार्ड इस्टेटमधून चालत गेलो आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला करायला सांगेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात भराव घालून हा भाग केला आणि गेटवेची रचना करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच त्याची आखणी केली, म्हणून सगळ्या इमारती एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या दिसतात. रस्ते रुंद, झाडं मोठी, सुट्टीच्या दिवशी तर माणूसच नाही. विलायतेहून बोटीने येणारे लोक इथेच बॅलार्ड पियरला उतरायचे आणि धक्क्यावरूनच पंजाब मेल, फ्रंटियर मेल पकडायचे. आईचे वडील अजनीच्या रेल्वे कॉलनीतले, त्यामुळे तिला हे ऐकून फार बरं वाटलं, ती एका इमारतीच्या पायरीवर बसली आणि आजोबांच्या गोष्टी सांगत राहिली, मी पण मधे बोलले नाही. याच फेरीत आम्ही टर्मिनलच्या गेटपर्यंत जाऊन कुठून आत जायचं, टॅक्सी कुठे सोडते हे बघून आलो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही शोधाशोध नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "जहाजाचा धक्का" म्हणू नका, तो भाऊच्या धक्क्यावर नाहीतर गेटवेला नेईल, "बॅलार्ड पियर, क्रूझ टर्मिनल" असं स्पष्ट सांगा.

हातात पूर्ण दिवस असेल तर घारापुरी करता येते, पण सोमवारी बंद असते, गेटवेहून बोटीला तासभर लागतो आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. बोर्डिंगच्या दिवशी तर चुकूनही जाऊ नका. आम्ही ती सोडली आणि त्याऐवजी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघितलं, सावलीत, बसत-बसत. रात्री एसी डबल डेकर बसने मरीन ड्राइव्हकडे गेलो, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर सोडू नका.

बोर्डिंगच्या दिवसाचं. वेब चेक-इन घरूनच करून प्रिंट काढा, नागपुरातच, मुंबईत झेरॉक्सचं दुकान शोधत बसू नका. देशातल्या देशात जाणाऱ्या क्रूझला पासपोर्टच हवा असं नाही, पण ओळखपत्र मूळ हवं आणि बुकिंगवरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. आईच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि मावशीच्या नाही, असल्या गोष्टी आधीच तपासा. नवीन टर्मिनल सप्टेंबर २०२५ मधे उद्घाटन झालेलं आहे, मोठं, एसी, ७२ चेक-इन आणि इमिग्रेशन काउंटर, तरी रांग असतेच. तुम्हाला दिलेल्या वेळेलाच जा, फार आधी जाऊन उपयोग नाही. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

मोठी बॅग टॅग लावून तिथेच घेतात आणि ती केबिनमधे यायला काही तास लागतात. म्हणून औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, कागदपत्रं हे सगळं खांद्याच्या पिशवीत ठेवा. आईची बीपीची गोळी चारची असते, ती मोठ्या बॅगेत असती तर पंचाईत होती. मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आणा आणि बोट हलायच्या आधी घ्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे चिवडा-लाडूचे डबे हॉटेलातच संपवा, मावशीने संत्रा बर्फीचा डबा हॉटेलच्या काउंटरवरच्या पोरांना वाटून टाकला. इस्त्री, केटल पण नको. चढल्यावर सुटायच्या आधी सुरक्षेची ड्रिल असते, ती सगळ्यांना सक्तीची, कंटाळा करू नका.

आमचं जहाज कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस, १९९० सालचं, ११ डेकचं. केबिन घेताना आतली स्वस्त असते पण तिला खिडकीच नसते, वयस्कर माणसांना कोंडल्यासारखं होतं, जमलं तर समुद्र दिसणारी घ्या. लिफ्टपासून किती लांब तेही बघा. सुटताना सगळे वरच्या डेकवर जमतात, तुम्ही थोडं आधी जाऊन कठड्याजवळ खुर्ची धरा.

परतीचं तिकीट काढताना घाई नको. जहाज सकाळी मुंबईला लागलं तरी गटागटाने उतरवतात आणि बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायला सांगतात, म्हणून रात्री घालायचे आणि सकाळी उतरायचे कपडे वेगळे काढून ठेवा. संध्याकाळची विदर्भ किंवा रात्रीची दुरांतो धरली की मधे दिवसभर मिळतो, बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममधे टाका आणि क्रॉफर्ड मार्केट तिथून पायी आहे.