आमची वाटचाल : आधी शेजार, मग गोदाम

ताज्या हलाल मांसाची ऑनलाइन सेवा सुरू केली तेव्हा जो तो एकच सांगायचा: गोदाम गिऱ्हाइकांच्या मधोमध हवं. पत्ते नकाशावर टाका, ऑर्डरींचं वजन लावून मध्य काढा, तिथेच गाळा बघा. मध्य निघाला तिथे एक कोल्ड स्टोरेज होतं, त्यातली एक चेंबर आम्ही भाड्याने घेतली. सामायिक आवारात हलाल माल ठेवायला मनाई नाही. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था; तिच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे की, विभाग वेगळे ठेवा आणि हलाल मालाचा दुसऱ्या मालाशी संपर्क होणार नाही अशी व्यवस्था करा. हलाल प्रमाणपत्र रीतसर मिळालं.

घात केला तो जागामालकाने. आम्हाला न कळवता त्याने शेजारची चेंबर डुकराच्या मांसाच्या मालाला दिली. मधली भिंत पफ पॅनेलची, म्हणजे थंडावा राखणाऱ्या फोमच्या पत्र्यांची, मजबूत. पण अँटीरूम, म्हणजे चेंबरच्या दाराआधीची खोली, एकच, पॅलेट ट्रक एकच आणि धुण्याचं पाणी वाहून नेणारं गटारही एकच. पुढच्या तपासणीत ऑडिटरने ते पाहिलं आणि प्रमाणपत्र स्थगित केलं. त्याचं काही चुकलं नाही. मालकाला जाब विचारला तर म्हणतो, "तुमचं दार तर बंदच असतं ना!" आमची अनामत रक्कम त्याने आजतागायत परत केलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्यात एका स्पर्धकाने आमच्या गिऱ्हाइकांना मेसेज फिरवले: यांचा माल पहिल्यापासूनच संशयास्पद. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, आणि आधीच्या मालावर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं. पण मेसेज वाचणारा एवढं कुठे बघतो? ऑर्डरी आटल्या, गाडी विकावी लागली, पोरांचे पगार थकले.

टिकल्या त्या हॉस्टेलची मेस चालवणाऱ्या एक चाची. मी स्वतःच त्यांना म्हटलं, "चाची, तूर्त दुसरीकडून घ्या." तर म्हणाल्या, "घेईन. पण नवी जागा बघायला जाशील तेव्हा मला सोबत घे." आणि खरंच आल्या.

जागा तपासायचा माझ्या भागीदाराचा ढंग न्यारा. दलाल भाड्याचं बोलत असायचा, हा बादली मागायचा. पाण्यात निळा रंग कालवून शेजारच्या भिंतीलगत ओतायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. एका चकचकीत गाळ्यात ते पाणी भिंतीखालून थेट आमच्या बाजूला आलं. चाची चपला उचलून बाहेर पडल्या. मग दाराशी धुराची कांडी धरून वारा कुठून कुठे जातो ते बघायचं, आणि आधीचा भाडेकरू काय ठेवायचा ते रखवालदाराला विचारायचं. मलेशियाच्या एमएस १५०० या हलाल मानकाप्रमाणे डुकराच्या मालाचा संसर्ग झालेली जागा सात वेळा धुवावी लागते, त्यातलं एक पाणी स्वच्छ माती कालवलेलं. इन्सुलेटेड फरशीवर ते करून बघा म्हणजे कळेल.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी एवढं ऐकावं. भाडं, अंतर, वीज, डॉक (गाडीत माल चढवायचा-उतरवायचा धक्का) यांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत सगळे वापरतात. त्या बेरजेत शेजार घालू नका. स्वस्त भाड्याचे गुण वाईट शेजाराचे गुण झाकून टाकतात आणि नको ती जागा पहिली येते. आधी शेजार, पाणी, गटार, स्वतंत्र दार ही चाळणी लावा. जे वर उरेल त्यालाच गुण द्या. नकाशावरचा मध्य अगदी शेवटी.

आम्ही घेतलेली शेड मध्यापासून बरीच लांब आहे. मांस ० ते ४ अंशांत राहावं म्हणून जेल पॅक जास्त लागतात, प्रत्येक फेरीत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर जातो, डिझेलही जास्त जळतं. पण डॉक आमचा, गटार आमचं. प्रमाणपत्र परत मिळालं. पहिली ऑर्डर चाचींचीच. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

भाडेकरारात मात्र एक कलम घालून घेतलं: शेजारचा गाळा कोणालाही द्यायचा तर आधी आमची लेखी संमती. हल्लीच मालकाचा फोन आला, गाळ्याला गिऱ्हाईक आहे. नाव ऐकलं तर तोच मेसेजवाला स्पर्धक. भागीदार म्हणाला, सरळ नाही म्हणून टाक. मी संमती दिली; फक्त त्याचं हलाल प्रमाणपत्र मागवून, प्रमाणन संस्थेकडून पडताळून घेतल्यावर.