मोरीतली दुपटी

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे आमच्या इंदूरचा पहिला क्रमांक येत गेला, याचा मला मनापासून अभिमान आहे. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू येण्याआधीच आमचे ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे दाराशी तयार असतात. अशा शहरात, रामबागेतल्या आमच्या घरी, गेल्या आषाढात चौदा महिन्यांच्या नातीला जुलाब लागले. त्याचे कारण गल्लीत शोधण्याऐवजी आपल्याच मोरीत शोधायला हवे, हे मान्य करायला मला वेळ लागला.

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. पोटाला विश्रांती मिळावी म्हणून मी सुनेला अंगावरचे दूध बंद करायला सांगितले. डॉक्टरांनी ते तत्काळ सुरू करायला लावले, कारण जुलाबात बाळाच्या शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात आणि अशा वेळी अन्न तोडल्याने ते अधिकच खंगते. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचे, प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर चमच्याचमच्याने पाजायचे आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे, असे त्यांनी सांगितले. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी १४ दिवस द्यायची होती. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा बाळ पाणीही पिईना, तर थेट रुग्णालय गाठायचे होते.

मग त्यांनी विचारले, "बाळाची दुपटी कुठे धुता?"

आम्ही ती स्वयंपाकघरामागच्या मोरीत धूत होतो, आणि त्याच मोरीत भांडीही घासली जात होती. माझ्या सासूबाई आजही आंघोळीशिवाय देवाला हात लावत नाहीत, पण तान्ह्या बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे, असे त्यांना वाटे आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात लहान मुलांना संसर्ग वारंवार होत असल्यामुळे त्यांच्या शौचातले रोगजंतू मोठ्यांच्या शौचातल्यांइतकेच, किंबहुना अधिक धोकादायक असतात. रोटाव्हायरसचे अगदी थोडे विषाणू आजार व्हायला पुरेसे असतात आणि ते भांड्यांवर, फरशीवर, खेळण्यांवर कित्येक दिवस टिकतात. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिली जाते, तशी नातीलाही दिली होती. त्या लसीमुळे गंभीर आजाराचा धोका बराच कमी होतो, परंतु जुलाबाचे इतर जंतू तिच्या कक्षेत येत नाहीत. दुपटे पिळून नुसते पाण्याने खळबळलेले हात कणकेला लागत होते, आणि तेलकट त्वचेला चिकटलेले जंतू साबणाने चोळल्याशिवाय नीट निघत नाहीत.

पाण्याचीही गोष्ट आहेच. नर्मदेचे पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येते. मधल्या काळात नळवाहिनीतला दाब नाहीसा होतो, आणि जिथे गळती असेल तिथून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरू शकते. नळाला थेट मोटार लावल्याने तर ते अधिक जोराने ओढले जाते. म्हणून आता सुरुवातीचे पाणी आम्ही पिण्यासाठी भरत नाही, पिण्याचे पाणी उकळतो आणि माठात पेला बुडवण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरतो.

दुपटी आता झाकणाच्या वेगळ्या बादलीत जातात. शी आधी संडासात टाकली जाते आणि पहिले पाणीही तिथेच ओतले जाते. बाहेर जाताना डायपर वापरला, तर तो कागदात गुंडाळून कचरागाडीच्या सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात दिला जातो. साबणाची वडी संडासाच्या दाराशी एक आणि ओट्यापाशी एक अशी ठेवली आहे. नातीचे जुलाब चौथ्या दिवशी थांबले, तेव्हा सुनेने झिंकची पट्टी कपाटात ठेवून दिली होती. ती मी परत बाहेर काढली, कारण अजून दहा गोळ्या उरल्या होत्या.